वेल्समध्ये नवे आहात? संत डेव्हिडचा दिवस असा साजरा करा

पहिल्या वर्षी १ मार्च बहुतेकांच्या हातून नुसताच निघून जातो, कारण त्या दिवशी वेल्समध्ये सार्वजनिक सुट्टी नसते. ऑफिस चालू असतं, बस नेहमीच्या वेळेला येते, बँका उघड्या असतात. शेजारची मुलगी डोक्यावर उंच काळी टोपी आणि खांद्यावर लाल शाल घेऊन शाळेला निघालेली दिसली, तर तेवढीच काय ती चाहूल लागते. वेल्सच्या तेव्हाच्या असेंब्लीने २००० साली या दिवशी सुट्टी हवी असं एकमताने ठरवलं होतं, पण सुट्टी द्यायचा अधिकार लंडनकडे आहे आणि लंडनने ती दिली नाही. २०२२ मध्ये उत्तरेकडच्या ग्विनेद कौन्सिलने आपल्यापुरता निर्णय घेतला आणि कर्मचाऱ्यांना रजा दिली.

हा दिवस सरकार साजरा करत नाही. शाळा, चॅपल, गावातले हॉल, गायनाची मंडळं आणि घरोघरची स्वयंपाकघरं तो साजरा करतात. त्यामुळे तो आपण शोधत जावा लागतो, आणि शोधत आलेल्याला इथे कुणी दारात ताटकळत ठेवत नाही. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना मी दरवर्षी हेच सांगते: लांबून बघू नका, आत या. खालचा क्रम फेब्रुवारीच्या मध्यापासून २ मार्चपर्यंतचा आहे. माझा संसार दक्षिण वेल्समधला, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील.

१. आधी एवढं माहीत असू द्या

संत डेव्हिड, वेल्शमध्ये देवी सान्त, हे सहाव्या शतकातले बिशप आणि मठाधिपती. १ मार्च हा त्यांचा मृत्युदिन. पेम्ब्रोकशरच्या समुद्रकाठी त्यांचा मठ होता आणि तिथली शिस्त कडक होती. जेवायला भाकर, भाजीपाला आणि मीठ, प्यायला पाणी, आणि शेतात नांगर ओढायला बैल नाहीत, मठातल्यांनीच खांदा द्यायचा. अकराव्या शतकाच्या अखेरीस रिगिवार्ख नावाच्या विद्वानाने त्यांचं लॅटिन चरित्र लिहिलं आणि बऱ्याचशा कथा तिथून आल्या. त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली कथा लान्देवी ब्रेवी या गावची आहे. जमाव मोठा होता, मागच्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, तेव्हा डेव्हिड उभे होते तिथली जमीनच वर उचलली गेली आणि तिची टेकडी झाली.

मृत्यूपूर्वीच्या शेवटच्या उपदेशात त्यांनी लोकांना सांगितलं, असं मानतात, की आनंदात राहा, श्रद्धा सोडू नका आणि माझ्याकडून पाहिलेल्या-ऐकलेल्या छोट्या छोट्या गोष्टी करत राहा. यातलं 'छोट्या गोष्टी करा' हे वाक्य तुम्हाला शाळेच्या भिंतीवर, चहाच्या मगवर, टॉवेलवर दिसेल. वेल्शमध्ये ते साधारण 'ग्नेउख अ पेथाइ बखाइन' असं म्हणतात.

दिवस संताचा असला तरी आज तो सगळ्यांचा झाला आहे. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणारी माणसंही कोटाला फूल लावतात. हिंदू, मुस्लिम, शीख घरांतली मुलं शाळेत तितक्याच उत्साहाने गातात. 'आपण यात कसं जायचं?' ही शंका मनातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट, आणि ही खरोखर महत्त्वाची. वेल्सला इंग्लंड म्हणू नका. भारतात फोन करतानासुद्धा 'आम्ही इंग्लंडला असतो' म्हणायची सवय मोडा. हा वेगळा देश आहे, त्याची संसद वेगळी आहे आणि भाषा तर पूर्ण वेगळी. २०२१ च्या जनगणनेत ५,३८,००० लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलं, म्हणजे शंभरात जवळपास १८ जणांनी. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत; दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात जायचा आणि शेवटी ज्याच्याकडे राहील त्याला शिक्षा. १९६५ साली लिव्हरपूल शहराला पाणी पुरवायला ट्रवेरिनचं खोरं धरणाखाली गेलं आणि कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव त्यात बुडालं. वेल्सच्या खासदारांपैकी एकानेही त्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं नव्हतं. धरणं आणि विस्थापन महाराष्ट्राला नवी नाहीत. ही हकीकत इथल्या कुणी सांगितली तर तिचं दुःख आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. भिंतींवर 'कोव्युख द्रवेरिन' असं रंगवलेलं दिसलं तर ते त्याच गावाची आठवण ठेवा म्हणून सांगणारं आहे.

२. फेब्रुवारीच्या मध्यालाच चौकशी करा

कार्डिफ, ॲबरिस्टविथ, कोल्विन बे अशा ठिकाणी मिरवणुका निघतात आणि त्यांच्या बातम्या लागतात. पण खरी मजा छोट्या कार्यक्रमांत असते, आणि त्यांची जाहिरात म्हणजे वाचनालयातला फलक, चॅपलच्या फाटकावर चिकटवलेला कागद, नाहीतर शाळेच्या पाकिटातून आलेली चिठ्ठी. त्यातले तीन शब्द ओळखता आले की काम झालं.

'काउल आ खान' म्हणजे काउल (मटण आणि भाज्यांचा पातळ रस्सा) आणि गाणी. गावच्या हॉलमध्ये लांब टेबलं, वाडग्यात गरम काउल, मग कुणीतरी पियानोवर बसतं. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. तिकीट आधी घ्यावं लागतं, कारण पातेली माणसं मोजून चढवतात.

'कमान्वा गानी' म्हणजे चॅपलमध्ये सगळ्यांनी मिळून चार आवाजांत स्तोत्रं गाण्याची बैठक. इथे श्रोता असा कुणी नसतो, सगळा सभागृहच गातो. एकदा तरी त्या बाकांवर बसून तो आवाज ऐका. वेल्सला गाणाऱ्यांचा देश का म्हणतात हे कानांनी कळेल.

'टुम्पाथ' म्हणजे लोकनृत्याची संध्याकाळ. पावलं पुढे उभा असलेला माणूस ओरडून सांगतो, त्यामुळे येत नसलं तरी चालतं. लहान मुलं असतील तर हाच निवडा.

१ मार्च शनिवार-रविवारी आला तर शाळा आपला कार्यक्रम आदल्या शुक्रवारी किंवा नंतरच्या सोमवारी करतात. शाळेची चिठ्ठी नीट वाचा.

३. शुभेच्छा तोंडपाठ करा

'दीद गूइल देवी हापिस.' एवढंच. 'दीद'मधला दुसरा द जीभ दातांना हलकेच घासून काढायचा, आणि 'हापिस'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा. समोरच्याने आधी म्हटलं तर 'ई खी हेविद' म्हणा, म्हणजे तुम्हालाही. आभाराला 'दिओल्ख', यातला ख घशातून येतो आणि मराठी माणसाला तो अवघड जात नाही.

उच्चार चुकेल म्हणून इंग्रजीत म्हणू नका. वेल्शचे दोन शब्द ऐकून बसच्या ड्रायव्हरचा, दुकानातल्या बाईंचा चेहरा कसा खुलतो ते बघा. वेल्शमध्ये आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, 'ती' आणि 'खी'. वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना, अनोळखी माणसांना 'खी' म्हणायचं. हे मराठी घरातल्या मुलांना इंग्रजी मुलांपेक्षा लवकर उमगतं.

राष्ट्रगीताचं निदान धृपद तरी शिकून ठेवा. 'हेन व्लाद व नहादाय' हे गीत १८५६ सालचं. पॉन्टिप्रिध गावातल्या एव्हन जेम्स या विणकराने शब्द लिहिले आणि त्यांच्या मुलाने, जेम्स जेम्सने, चाल बांधली. १९०५ मध्ये कार्डिफला न्यूझीलंडविरुद्धच्या रग्बी सामन्याआधी ते गायलं गेलं. ते सुरू झालं की सगळे उभे राहतात आणि धृपदाला आवाज अचानक दुप्पट होतो. एक भारतीय धागाही त्यात आहे: मेघालयातल्या खासी लोकांचं 'री खासी' हे गीत याच चालीवर गातात. थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी १८४१ मध्ये चेरापुंजीला पोहोचले आणि त्यांनी खासी भाषा वेल्शच्या धर्तीवर रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली. गप्पांत हे सांगा. इथल्या अनेकांना ते ठाऊक नसतं आणि ऐकून फार आनंद होतो.

४. कोटाला काय लावायचं

डॅफोडिलचं पिवळं फूल किंवा लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची लांब भाजी. लीक ही जुनी खूण आहे, शेक्सपिअरच्या नाटकातही ती येते. वेल्श पलटणीत आजही सर्वात नव्या सैनिकाला त्या दिवशी कच्चा लीक खायला लावतात. डॅफोडिल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलं. दोन्हींत बरोबर-चूक काही नाही. पुरुषांनी लीक, बायकांनी डॅफोडिल असं कुणी सांगेल, पण आता तसं कुणी पाळत नाही.

डॅफोडिलची जुडी सुपरमार्केटमध्ये अगदी स्वस्त मिळते. ती मिटलेल्या हिरव्या कळ्यांची घ्या, २६-२७ फेब्रुवारीच्या सुमारास, आणि उबदार खोलीत पाण्यात ठेवा म्हणजे १ तारखेला उमलेल. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मिटलेल्या डॅफोडिलची जुडी हुबेहूब पातीच्या कांद्यासारखी दिसते आणि ती विषारी आहे. फुलाचा देठ, पान, कंद काहीही पोटात जाता कामा नये. भाजीच्या पिशवीत ती ठेवूच नका, आणि भारतातून आई किंवा सासूबाई आल्या असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. दुसरं, तिच्या देठातून चिकट रस गळतो, त्याने बाकीची फुलं लवकर सुकतात. फुलदाणी वेगळी ठेवा.

कापडी किंवा लोकरीने विणलेलं डॅफोडिलही चालतं. मार्चमध्ये मेरी क्युरी ही संस्था अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या सेवेसाठी डॅफोडिलची पिन देऊन देणग्या गोळा करते. इंग्लंडमध्ये कुणाच्या कोटावर डॅफोडिल दिसलं तर ते बहुधा त्यासाठी असतं.

झेंडे दोन दिसतील. पांढऱ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर लाल ड्रॅगनचा तो देशाचा, १९५९ पासून अधिकृत. काळ्या कापडावर पिवळा क्रूस असलेला तो संत डेव्हिडचा.

५. मुलांची शाळा: इथे वेळ काढाच

वर्षातली एक अर्धी रजा शिल्लक ठेवायची असेल तर ती या दिवसासाठी ठेवा. बऱ्याच शाळांत १ मार्चच्या आसपास शाळेचं आयस्तेदवोद असतं, म्हणजे काव्य, गायन आणि पाठांतराच्या स्पर्धा. मुलं घरांत, म्हणजे गटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाचा रंग ठरलेला असतो. हस्ताक्षर, चित्रं, वेल्श केक भाजणं यांचेही गुण गटाला मिळतात.

सर्वात पाहण्यासारखा असतो कवीला खुर्ची देण्याचा समारंभ. मुलांनी कविता टोपणनावाने दिलेल्या असतात. शिक्षक निकाल वाचतात आणि शेवटी टोपणनाव पुकारून म्हणतात, हा किंवा ही जी कुणी असेल तिने उभं राहावं. सगळं सभागृह माना वळवून शोधू लागतं. कुठल्यातरी रांगेत एक मूल हळूच उभं राहतं, बहुतेकदा लाजून लाल झालेलं, आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. त्याला व्यासपीठावर नेतात, डोक्यावर तलवार धरतात, म्यानातून थोडी बाहेर काढून विचारतात: 'आ ओइस हेद्दुख?' शांती आहे का? सगळे उत्तर देतात: 'हेद्दुख!' असं तीनदा. मग तलवार म्यानात जाते आणि कवी खुर्चीवर बसतो. भाषेतल्या कामगिरीला एवढा मान देणारा समाज बघून मला दरवेळी भरून येतं.

हाच समारंभ मोठ्या प्रमाणावर ऑगस्टमधल्या राष्ट्रीय आयस्तेदवोदमध्ये होतो. १९१७ मध्ये तिथे विजेत्याचं टोपणनाव पुकारलं तेव्हा कुणीच उभं राहिलं नाही. तो कवी, ट्राउसव्हनिधचा शेतकरी तरुण हेद विन, काही आठवड्यांपूर्वी, ३१ जुलैला, बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड घातलं आणि ती तशीच त्याच्या घरी पोहोचवली. शाळेत शांतीचा तो प्रश्न तीनदा का विचारतात हे मुलांना समजावून सांगताना ही गोष्ट जरूर सांगा.

पोशाखाचं फार टेन्शन घेऊ नका. मुलींसाठी लाल शाल, चौकड्यांचा घागरा, पांढरा एप्रन आणि उंच काळी टोपी. मुलांसाठी वेस्टकोट आणि चपटी टोपी. दुकानात तयार सेट मिळतात, पण ते पातळ असतात आणि मार्चमधल्या वाऱ्यात पोरं कुडकुडतात. घरातली लोकरी शाल पिनेने नीट टाचली आणि खाली उबदार कपडे घातले की पोशाख झाला. टोपी जाड काळ्या कागदाची करता येते. वेल्सची लाल रग्बी जर्सी तर कुठल्याही मुला-मुलीला चालते आणि वर्षभर उपयोगी पडते. मुलाला पाठांतर दिलं असेल तर उच्चार ऐकायला शाळेकडून रेकॉर्डिंग मागा. शिक्षक आनंदाने देतात.

६. स्वयंपाक

दोन पदार्थ पुरेत: काउल आणि वेल्श केक.

काउल आदल्या दिवशी लावायचं. बोकडाचं मटण मिळालं तर उत्तमच, पण इथला रिवाज मेंढीच्या मानेच्या हाडासकट तुकड्यांचा आहे. एक किलो मटणाला दोन लिटर पाणी, मीठ, आणि मंद आचेवर दीड-दोन तास. कुकर लावू नका, पाणी गढूळ होतं. वर येणारा फेस काढत राहा. पातेलं रात्रभर थंडीत ठेवा. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने उचलून काढा. मग त्यात स्वीड नावाचा मोठा पिवळट कंद, गाजर आणि बटाटे मोठ्या फोडी करून घाला. भाज्या शिजत आल्या की लीकचे काप, आणि उतरवायच्या पाच मिनिटं आधी मूठभर बारीक चिरलेला हिरवा लीक आणि पार्सली. मिरपूड. संपलं.

लीक धुणं हेच यातलं खरं काम. तो मातीत पुरून वाढवतात, त्यामुळे माती पापुद्र्यांच्या आत जाऊन बसते. उभा चिरा, पानं उलगडा आणि वाहत्या पाण्याखाली एकेक पापुद्रा बोटाने चोळा. वरवर धुतलेला लीक दाताखाली कचकचतो.

पहिल्या वेळी फोडणी, हळद, गरम मसाला काही घालू नका. मिळमिळीत वाटेल अशी भीती असते, पण हाडाचा आणि लीकचा गोडवा त्यात उतरतो, तो मसाल्याखाली कळत नाही. दुसऱ्या दिवशी ते शिळ्या आमटीसारखं मुरतं आणि अधिक लागतं, म्हणून भरपूर करा. सोबत जाड पाव आणि कर्फिली चीज. मटण खात नसाल तर लीक-बटाट्याचं काउल करा, त्यात बार्ली घाला म्हणजे दाटपणा येतो. शाकाहारी घरात ग्लॅमॉर्गन सॉसेजही करून बघा: नाव सॉसेज असलं तरी त्यात मांस नसतं, किसलेलं कर्फिली, परतलेला लीक आणि ब्रेडचा चुरा यांचे लांबट कटलेट म्हणा.

आता वेल्श केक, वेल्शमध्ये 'पिका आर अ माइन', म्हणजे दगडावर भाजलेले. पूर्वी ते चुलीवरच्या सपाट दगडावर भाजत, मग जाड लोखंडी पत्र्यावर. आपल्याकडचा बिडाचा तवा यासाठी इतका योग्य आहे की वेगळं काही विकत घ्यायची गरजच नाही.

२२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ घ्या. नसेल तर तेवढा मैदा आणि दोन छोटे चमचे बेकिंग पावडर. त्यात अर्धा चमचा दालचिनी-जायफळाची पूड आणि चिमूटभर मीठ. ११० ग्रॅम थंड लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, लोणी वितळतं. सगळं रव्यासारखं झालं की ८५ ग्रॅम बारीक साखर आणि मूठभर काळे बेदाणे. एक अंडं फेटून घाला आणि गोळा जमेल इतपतच मळा. अंडं खात नसाल तर तीन मोठे चमचे दूध लागेल तसं. पोळीच्या कणकेसारखं तिंबू नका. जितकं कमी हाताळाल तितके केक खुसखुशीत होतात.

पाऊण सेंटिमीटर जाड लाटा आणि स्टीलच्या वाटीने किंवा ग्लासाने गोल कापा. तवा मंद आचेवर नीट तापू द्या. त्यावर चिमूटभर पीठ टाकून बघा: लगेच काळं पडलं तर तवा फार तापलाय, हळूहळू बदामी झालं तर बरोबर. तुपाचा अगदी हलका हात फिरवा आणि केक दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं भाजा. वर-खाली खरपूस, कडा मात्र फिकट आणि मऊ, असं दिसलं की झाले. घाई करून आच वाढवली तर आतून कच्चे राहतात. गरम असतानाच साखरेत घोळवा.

हे केक डब्यात भरून घेऊन जा: शेजारी, ऑफिस, शाळेच्या फाटकाशी. बाजारातले किंवा हॉलमधले केक घेताना शाकाहारींनी विचारून घ्यावं, कारण जुन्या पाककृतीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते. कार्डिफ मार्केटमध्ये ते समोर भाजून देतात.

७. १ मार्चला दुपारी कुठे जाल

कामावरून सुटका नसेल तर शहरातली मिरवणूक पुरे. थंडी असते, बहुतेकदा बारीक पाऊस आणि कायम वारा. छत्री उलटते, टोपीचा रेनकोट घाला.

दिवस मोकळा असेल तर दोन पर्याय. जुन्या वास्तू सांभाळणारी 'काडू' ही शासकीय संस्था या दिवशी आपल्या अनेक किल्ल्यांत फुकट प्रवेश देत आली आहे. कर्फिली, कार्नार्व्हन, कॉन्वी. त्या वर्षीची यादी आणि आधी नाव नोंदवायचं का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून निघा. कार्डिफजवळचं सेंट फॅगन्सचं खुलं संग्रहालय तर बाराही महिने फुकट आहे. वेल्सभरातली जुनी घरं, चॅपल, शाळा दगड-विटांसकट उचलून तिथे पुन्हा उभी केली आहेत. रिद-अ-कारच्या लोखंड-कामगारांच्या घरांची रांग बघायला विसरू नका. एकसारख्या सहा घरांपैकी प्रत्येक घर वेगळ्या काळातलं मांडलं आहे, आणि सामान्य कष्टकऱ्याचं आयुष्य कसं बदलत गेलं ते घराघरांतून फिरताना समजतं.

दुसरा पर्याय, आणि माझा सर्वात आवडता, संतांचं मूळ ठिकाण. सेंट डेव्हिड्स, वेल्शमध्ये टी-देवी, हे ब्रिटनमधलं सर्वात छोटं शहर. दोन हजारांच्या आतली वस्ती. रेल्वे तिथे जात नाही. हॅव्हरफर्डवेस्टपर्यंत गाडी आणि पुढे बस. कॅथेड्रल उतारावरच्या खोलगट जागी आहे, त्यामुळे रस्त्यावरून दिसत नाही; कमानीतून आत गेलात की एकदम पायाशी दिसतं. आजची इमारत ११८१ पासून बांधत गेली. संत डेव्हिडची समाधी २०१२ मध्ये १ मार्चलाच नव्याने खुली केली. मध्ययुगात इथल्या दोन वाऱ्या रोमच्या एका वारीइतक्या मानत. तिथून चालत समुद्राच्या बाजूला गेलं की संत नॉन, म्हणजे डेव्हिडच्या आई, यांच्या चॅपलचे अवशेष आणि झरा आहे. मुलाचा जन्म तिथे झाला असं मानतात. कड्याची वाट ओली आणि निसरडी असते, बूट चांगले घाला आणि सहाच्या सुमारास अंधारतं हे धरून परत फिरा.

८. गप्पांत काय सांभाळावं

हॉलमधल्या टेबलावर तुम्ही कुठून आलात हे विचारलं जाईलच. मोकळेपणाने सांगा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन झालेलाच असतो. कवीच्या जन्मदिवशी आम्ही भाषेचा दिवस करतो हे ऐकून वेल्श माणूस खुर्ची जवळ ओढतो. पोर्ट टॅल्बटच्या बाजूला असाल तर टाटांचा विषय निघेल. त्यांच्या तिथल्या पोलाद कारखान्यातली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राबलेल्या घरांतली माणसं तुमच्यासमोर बसलेली असू शकतात. कंपनी आपल्याकडची म्हणून तिची बाजू मांडत बसू नका. ऐकून घ्या.

वेल्श कशाला शिकायची, सगळ्यांना इंग्रजी येतंच की, हे वाक्य तोंडातून काढू नका. मराठीबद्दल तेच ऐकल्यावर आपल्याला काय वाटतं हे सर्वांना माहीत आहे.

आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच कोट चढवू नका. खुर्च्या एकावर एक रचायला, वाडगी धुवायला थांबा. पुढच्या महिन्याचं बोलावणं, गायनमंडळात जागा, मुलांसाठी उर्दच्या क्लबची माहिती, हे सगळं त्या अर्ध्या तासात मिळतं. उर्द ही १९२२ पासूनची वेल्श मुलामुलींची संघटना आहे. तिचं स्वतःचं आयस्तेदवोद मेच्या अखेरीस होतं आणि घरात वेल्श न बोलणाऱ्या मुलांसाठीही त्यात स्पर्धा असतात.

९. २ मार्चला

उरलेलं काउल डब्यात न्या. मग भाषेच्या वर्गाची चौकशी करा. नवशिक्यांचे बहुतेक वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात, काही जानेवारीतही. राष्ट्रीय वेल्श शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाजवळचे आणि ऑनलाइन असे दोन्ही वर्ग सापडतात, नवशिक्यांचे छोटे अभ्यासक्रम तर विनामूल्य आहेत. तोवर एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवर मुलांचे कार्यक्रम लावत जा. ते लहानांसाठी सावकाश बोलतात आणि मोठ्यांनाही समजतात.